नऊ महिने वापरलेला फीडर, आणि तबकडीला नसलेलं भोक

संक्रांतीच्या आठवड्यात ऑनलाइन मागवलेला, पाखरांना दाणे घालायचा नळीचा फीडर दसऱ्याच्या दिवशी फुटला. खारीने खालच्या भोकाची कड कुरतडली आणि नळीतले सगळे राळे अंगणात सांडले. ३४९ रुपये मोजले होते. एवढ्या पैशात दोन पावसाळे तरी निघायला हवे होते, म्हणून हे लिहितेय.

घर बेळगावच्या टिळकवाडीत. परसात जास्वंद, कढीपत्ता, एक पेरू. पहिले सहा आठवडे फीडरकडे कुणी फिरकलं नाही. परत पाठवायच्या बेतात होते. पण चूक फीडरची नव्हती. सोबत आलेल्या दाण्यांत मकाच जास्त, तो चिमणीला फुटत नाही. मग राळे आणि तांदळाची कणी भरली. चौथ्या दिवशी चिमण्या आल्या, पाठोपाठ ठिपकेवाल्या मुनिया. कुंपणापलीकडून शेजारच्या अज्जींनी कानडीत हाक मारली, "गुब्बी बंदवु नोडी!" म्हणजे चिमण्या आल्या बघा! त्या दिवशी मी पाच तारे दिले असते.

आता खालच्या तबकडीबद्दल. तिला पाणी निचरायला एकही भोक नाही! चिमणी राळ्याचा दाणा चोचीत फिरवते, फोलपट तिथंच टाकते. फोलपटं तबकडीत साचतात आणि लांबून दाण्यांसारखीच दिसतात, त्यामुळे खायला भरपूर आहे असं वाटतं. जूनमध्ये पाऊस लागला. आपल्या बेळगावचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, वरच्या छपराचा काही उपयोग होत नाही. चार दिवसांत फोलपटं, दाणे आणि पाणी यांचा काळा चिखल झाला, आंबूस वास सुटला. बुरशीचं धान्य पाखरांच्या जिवावर बेततं. मी सगळं काढलं, तबकडी गरम पाण्याने घासली, उन्हात वाळवली. मग गॅसवर दाभण तापवून पाच भोकं पाडली. दोन मिनिटांचं काम. कारखान्यात हे कुणालाच सुचू नये?

बुलबुलाच्या बाबतीत मात्र माझं मत बदललं. तो दाण्याला येत नाही म्हणून मी फीडरला दोष देत होते. त्याला फळं आणि किडे लागतात. तो आला पाण्यावर. एप्रिलमध्ये खानापूरच्या मातीचं ६० रुपयांचं पसरट परळ आणलं, पेरूखाली ठेवलं, दोन बोटं पाणी. शिपाई बुलबुल दुसऱ्याच दिवशी. मग दयाळ. तो आधी कडेवर बसतो, शेपटी उभी करतो, छातीपर्यंत पाण्यात उतरतो आणि पंख असे झटकतो की कढीपत्त्याची खालची पानं ओली होतात. डासांमुळे पाणी मी एक दिवसाआड बदलते, परळ काथ्याने घासून. पाणी आठवडाभर तसंच राहिलं की त्यात डासांची पुढची पिढी तयार.

फीडर फुटल्यावर कंपनीला फोटो पाठवले. दोन मेलना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं: प्राण्यांनी केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. झाडाला टांगायची वस्तू विकताय आणि खार येणार हे गृहीत धरत नाही? मला याचा मनापासून राग आला.

फुटलेल्या भोकावर सध्या पत्र्याची पट्टी तारेने बांधलीय. चिमण्या वरच्या दोन भोकांवर बसतात. फीडरच्या पैशांत पाच परळं आली असती. दुसरं कालच आणलं, जास्वंदीखाली ठेवलंय, आणि आज सकाळी त्यात तीच खार पाणी पीत होती.