ट्रेलर घरी ठेवावा की यार्डात?

गाडीमागे ओढून न्यायचा, आत राहायची सोय असलेला सहलीचा ट्रेलर एरवी उभा करायचा कुठे? रस्ता आधीच बाद करतो. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शहरांत एकाच जागी 72 तास उभी राहिलेली गाडी उचलून नेतात, आणि गाडीपासून सोडवलेल्या ट्रेलरला तर अनेक ठिकाणी तेवढीही मुभा नाही. सॅन डिएगोत परवाना काढला नसेल तर आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) आणि ट्रेलर पहाटे 2 ते 6 या वेळात रस्त्यावर उभे करताच येत नाहीत. मग उरतं भाड्याचं स्टोरेज यार्ड, नाहीतर घराच्या बाजूची पट्टी. मी तीन वर्षं यार्डात ठेवला, आता घरी ठेवतो.

यार्डाचं सुख मोठं आहे. शेजारी नाही, सिटीची नोटीस नाही. नोंदणीचे आणि विम्याचे कागद दाखवले की काम झालं. तुमच्या एचओएला, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेला, ट्रेलर नजरेसच पडायला नको असेल, तर निर्णय झालाच म्हणा. सिटी हो म्हणाली तरी एचओए नाही म्हणू शकते, आणि तिथे वाद घालण्यात हशील नाही.

माझं बिनसलं ते बॅटरीवरून. ट्रेलर नुसता उभा असला तरी प्रोपेन गॅसची गळती ओळखणारा डिटेक्टर रात्रंदिवस थोडी थोडी वीज खात राहतो, आणि आमच्या यार्डात प्लग नव्हता. एका शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलर गाडीच्या हिचला (मागच्या जोडणीला) जुळवायला, त्याचं तोंड वर-खाली करणाऱ्या विजेच्या जॅकचं बटण दाबलं. मोटर एकदा कण्हली आणि गप्प झाली. मुलं गाडीत, फाटक बंद व्हायला वीस मिनिटं, आणि मी घामाघूम होऊन हाताने दांडा फिरवतोय.

नंतर बॅटरी तोडून ठेवणारा डिस्कनेक्ट स्विच बसवला. बॅटरी टिकली, पण फ्रीजचं काय? तो आदल्या रात्रीपासून चालू नसेल तर दूध-भाज्या ठेवायच्या कशात? म्हणून ट्रेलर गुरुवारीच घरी आणायचा, आणि उभा करायचा रस्त्यावर! सामान भरायला-उतरवायला बरीच शहरं थोडी सूट देतात, पण ते तास मोजत सहलीची तयारी करणं मला काही जमलं नाही.

घरी सगळं सोपं आहे असं मुळीच नाही. आमच्याकडे नियम असा, की समोरच्या अंगणात नको, पक्क्या जमिनीवर हवा आणि सहा फुटी कुंपणामागे हवा. ट्रेलर अकरा फुटी, त्यामुळे वरचा अर्धा भाग शेजाऱ्यांना दिसतोच. त्यांच्याशी आधी बोलून घेतलं ते बरं झालं. आत कुणी मुक्काम करायचा नाही, पाहुण्यांनीही नाही. फाटक रुंद करण्याचा खर्च वेगळाच.

तुम्ही वर्षातून दोनदाच बाहेर पडत असाल तर यार्ड कदाचित परवडेल. आम्ही महिन्याआड जातो. गुरुवारी रात्री वायर लावतो, सकाळपर्यंत फ्रीज गार झालेला असतो.

मात्र यार्डाची जागा सोडण्याआधी टेप घेऊन बाजूची पट्टी मोजा, आणि नुसती जमिनीलगत नाही, वर छपराच्या वळचणीपाशीही. मी खालची रुंदी तीनदा मोजली, गॅसचं मीटरसुद्धा हिशेबात धरलं. वर बघितलंच नाही. कोपऱ्यावरची पन्हळ अजून वाकलेली आहे.