आयकियाचे ट्रोफास्ट: खोल डबे दुकानातच राहू द्या

खेळण्यांच्या कोपऱ्यासाठी ट्रोफास्ट, म्हणजे खाचांचा सांगाडा आणि त्यात सरकणारे प्लास्टिकचे डबे, घेणाऱ्यांची चूक बहुधा दुकानातच होते. जास्त सामान मावेल या हिशेबाने 36 सेंमी खोलीचे डबे उचलले जातात. तीन वर्षांच्या मुलाला त्याचा तळच दिसत नाही. मग एक गाडी शोधायला अख्खा डबा फरशीवर उपडा होतो आणि त्या ढिगासमोर बसून मूल आईला हाक मारते.

डबे तीन मापांचे मिळतात: 10, 23 आणि 36 सेंमी. लांबी-रुंदी या तिघांचीही 42 बाय 30, त्यामुळे यांतला कुठलाही डबा कुठल्याही खाचेत बसतो. सांगाड्यांमध्ये घ्यावा तो 99 बाय 44 बाय 56 सेंमीचा बुटका. तीन वर्षांच्या मुलाला त्याचा माथा वरून दिसतो, म्हणजे तिथेही दोन खेळणी मांडता येतात. त्यात 10 सेंमीचे पाच ट्रे आणि ठोकळ्यांसाठी खाली 23 सेंमीचा एक डबा पुरे. प्रत्येक ट्रेच्या वरची खाच रिकामी सोडा. समोरूनच आतले दिसते, हातही जातो. जागा वाया जाते असे वाटेल, पण पैसे त्याचेच आहेत.

खाचांना अडसर नाही, डबा ओढला की सरळ हातात येतो. उथळ ट्रेला हे उत्तम: मूल ट्रेच सतरंजीवर नेते, खेळून परत सरकवते. लाकडी ठोकळ्यांनी शिगोशीग भरलेला डबा मात्र पायावर पडतो. मुलाला दोन्ही हातांनी सहज उचलता येईल एवढेच भरा.

एका ट्रेत एकच खेळ. टोलेडो विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात 36 लहान मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली. चारच असताना मुले प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. बाकीची खेळणी बंद कपाटात ठेवा, दहा-बारा दिवसांनी दोनच ट्रे बदला. सगळे एकदम बदलले की जागा लक्षात राहत नाहीत, आवरणे पुन्हा मोठ्यांकडे येते. ट्रेत विकतचेच हवे असेही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या आसपासच्या साध्या साधनांवरच चालवल्या. चिंचोके आणि दोन वाट्या हा फार चांगला ट्रे आहे, फक्त तीन वर्षांच्या पुढे. साधारण 3.2 सेंमी व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांहून लहान मुलाच्या घशात अडकू शकते.

ट्रेवर आतल्या वस्तूचा फोटो लावा. प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीनचे आहे, त्यावर गोंद धरत नाही आणि सेलोटेप मुले नखाने सोलतात. स्पिरिटने पुसून व्हिनाइल स्टिकर लावला तर टिकतो.

जोडणीत घोळ होतो तो खाचांच्या फळ्या उलट्या लागल्याने. स्क्रू घट्ट करण्याआधी एक ट्रे सरकवून पाहा. ड्रिल मशीनने शेवटपर्यंत आवळू नका, भुशाच्या फळीतले भोक सैल होते.

आणि भिंतीला बांधल्याशिवाय वापरू नका. खालचे डबे बाहेर ओढून त्यावर पाय देणे हे प्रत्येक मूल करून पाहते. भिंतीचे स्क्रू सोबत येत नाहीत, कारण भिंती सारख्या नसतात: विटेच्या भिंतीत साधी गिट्टी (स्क्रूचा प्लग) चालते, नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र सिपोरेक्स ब्लॉकमध्ये ती फिरते आणि निघते. त्यासाठी वेगळा प्लग मागा. फरशीच्या स्कर्टिंगमुळे सांगाडा भिंतीपासून सेंटिमीटरभर पुढे राहतो. मागे तेवढ्याच जाडीची पट्टी द्या, नाहीतर भिंतीला बांधणारा पट्टा ताणलेला राहत नाही.

पांढरा सांगाडा भुशाच्या फळीचा आहे. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसणाऱ्या घरात त्याच्या कडा फुगतात, खाली प्लास्टिकचे बूट लावाच. कोकणपट्टीतल्या पावसाळ्याचा विचार केला तर चांगल्या सुताराकडून मरीन प्लायचा, याच मापाच्या खाचांचा सांगाडा करून घेऊन फक्त ट्रे आयकियाच्या नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या दुकानातून आणणे जास्त टिकाऊ पडेल.