‘काढणे’साठी इंग्रजी शब्द निवडताना: ‘आऊट’, ‘ऑफ’ आणि ‘रिड’ यांतला फरक

सोसायटीचं कर्ज काढतो, विहिरीतला गाळ काढतो, गेलेल्या माणसाची आठवण काढतो, दुष्काळाचं वर्ष कसंबसं काढतो, आणि पोरानं नाव काढलं की पेढे वाटतो. एवढ्या सगळ्याला मराठीत एक ‘काढणे’ पुरतं. म्हणून इंग्रजी लिहायला बसलं की हात आपोआप ‘रिमूव्ह’कडे जातो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांना आणि तासगावकडच्या बेदाणावाल्यांना मी इंग्रजी पत्रं लिहून देते. आता त्यांची मुलं स्वतः लिहू लागली आहेत, याचा मला फार आनंद आहे. अडलं की विचारतात, ‘ताई, इथं कुठला शब्द घालू?’ हे त्यांच्यासाठी.

मी त्यांना उलट विचारते: नको असलेली गोष्ट आत्ता कुठं आहे? आत शिरली आहे, की अजून दाराबाहेर आहे? निम्मा निर्णय तिथंच होतो.

‘कीप आऊट’ की ‘पंप आऊट’

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्यानंतर गावभागातल्या एका दुकानदारांचा विम्याचा अर्ज मी पाहिला. त्यांनी दोन ठिकाणी ‘रिमूव्ह द वॉटर’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी दोन वेगळी कामं केली होती. पाणी यायच्या आधी रात्रभर दाराला वाळूची पोती लावली आणि फटी बुजवल्या. पाणी ओसरताना मोटर लावून उरलेलं उपसलं. पहिलं काम ‘कीप आऊट’चं, म्हणजे आत येऊ न देणं. दुसरं ‘पंप आऊट’चं, आलेलं बाहेर काढणं. विमा कंपनीला नुकसान टाळायला तुम्ही आधी काय केलंत हे बघायचं असतं, आणि ‘रिमूव्ह’मुळे त्यांची ती अख्खी रात्र कागदावरून पुसली गेली होती. आम्ही ‘वुई ट्राइड टू कीप द वॉटर आऊट ऑफ द शॉप’ असं केलं. पुढं गाळासाठी ‘क्लिअर आऊट’ आणि भिजून सडलेल्या मालासाठी ‘थ्रो आऊट’.

‘कीप आऊट’च्या पुढं जागा सांगायची असेल तर ‘ऑफ’ हवाच: ‘आऊट ऑफ द शॉप’. औषधाच्या पाकिटावर ‘कीप आऊट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ असतं, ते डोळ्यासमोर ठेवा. या जोडीतल्या ‘ऑफ’चं स्पेलिंग एका एफचं. पुढं येतो तो दोन एफचा.

‘आऊट’ की ‘ऑफ’

आत आणि बाहेर असा भेद असेल, म्हणजे घर, शेड, बाग, डबा, तर ‘आऊट’. वर बसण्याचा, चिकटण्याचा प्रश्न असेल तर दोन एफचा ‘ऑफ’. द्राक्षबागेवर जाळी टाकली की पाखरं बागेच्या ‘आऊट’ राहतात आणि घडांच्या ‘ऑफ’ राहतात. बेदाणा शेडमधल्या रॅकवर पाऊस पडू द्यायचा नाही, तर ‘कीप द रेन ऑफ द रॅक्स’. मण्यांवरची धूळ ‘वॉश ऑफ’ होते, कापडात मुरलेला हळदीचा डाग ‘वॉश आऊट’ होतो, झालाच तर. ‘कीप ऑफ’ आणि ‘कीप आऊट’ या दोन्ही पाट्या माणसांसाठीच असतात, पण पहिली हिरवळीवर पाय ठेवू नका म्हणते आणि दुसरी आवारातच येऊ नका म्हणते.

डाऊनी, भुरी या द्राक्षांवरच्या रोगांसाठी मी ‘कीप ॲट बे’ सुचवते. रोग परिसरात आहे, कधीही उलटेल, फवारणीनं थोपवून धरलाय, हे सगळं त्यात येतं. ‘वॉर्ड ऑफ’ही चालतं, मात्र त्याला थोडा दृष्ट काढल्याचा वास आहे. खरेदीदाराला लिहिताना मी ते टाळते.

बेदाण्याची निवड: इथं चूक महागात पडते

आपण ‘तांदूळ निवडतो’ तेव्हा तांदूळ ठेवतो आणि खडे टाकतो. ‘साडी निवडतो’ तेव्हा साडी घेतो. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘पिक आऊट’ असाच दोन्हीकडे वळतो, पण वाचणारा आधी ‘पसंत करून घेणं’ असाच अर्थ लावतो. एका तरुणानं बाहेरच्या खरेदीदाराला लिहिलं, ‘वुई पिक आऊट ब्लॅक रेझिन्स’. त्याला म्हणायचं होतं की हिरव्या मालातून काळे दाणे आम्ही वेचून टाकतो. उलट उत्तरात काळ्या बेदाण्याचा दर विचारला होता.

‘सॉर्ट आऊट’ तर इथं नकोच. त्याचा रोजच्या वापरातला अर्थ भानगड निस्तरणं. नुसतं ‘सॉर्ट’ म्हणजे प्रतवारी. माझी निवड ‘वीड आऊट’. वीड म्हणजे तण, आणि भांगलण करताना आपण काय करतो? पीक राखतो, नको ते तेवढं उपटतो. चांगल्या लॉटमधून वाईट दाणे वेचणं नेमकं हेच आहे. भांगलणीचा शब्द इंग्रजांनी कारखान्यात आणि कचेरीत नेऊन वापरावा, हे मला मनापासून आवडतं.

लॅटिन घराण्यातले मोठे शब्द

‘एलिमिनेट’च्या मुळाशी उंबरठा आहे: उंबरठ्याबाहेर काढणं. ‘एक्स्टर्मिनेट’मध्ये शीव आहे: शिवेबाहेर हाकलणं. ‘इरॅडिकेट’मध्ये मूळ, मुळासकट उपटणं. आरोग्यखात्याच्या भाषेत यांतले दोन काटेकोरपणे वेगळे वापरतात. देवीचा रोग साऱ्या जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, ते ‘इरॅडिकेशन’. भारत पोलिओमुक्त असल्याचं २७ मार्च २०१४ रोजी प्रमाणित झालं, पण रोग जगात शिल्लक आहे, म्हणून ते ‘एलिमिनेशन’. कुष्ठरोगात तर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण म्हणजे ‘एलिमिनेशन’ धरलं गेलं, शून्य नव्हे.

आरोग्यखातं अशी व्याख्या बांधून घेतं. खरेदीदार मात्र शून्यच समजतो. म्हणून ‘वुई एलिमिनेट पेस्टिसाइड रेसिड्यू’ असं कुणी लिहू नका. युरोपचा नियम मालात कीटकनाशकाचा अंश किती असावा याची कमाल मर्यादा सांगतो. आपणही ‘कीप बिलो द लिमिट’ म्हणावं, म्हणजे जे तपासणीत दिसेल तेच आपण लिहिलेलं असेल.

‘राईट ऑफ’ की ‘वेव्ह’

हे सगळ्यात जपून वाचा. एका शेतकरी काकांनी मला बँकेचं पत्र दाखवलं. खात्यापुढं ‘रिटन ऑफ’ लिहिलेलं. ते म्हणाले, ‘बाई, सुटलो!’ दोन महिन्यांनी वसुलीची नोटीस आली. ते माझ्यासमोर नुसते बसून राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

‘राईट ऑफ’ म्हणजे निर्लेखन. बँक आपल्या ताळेबंदातून ते येणं बाजूला काढते. कर्जदाराचं देणं तसंच राहतं आणि वसुली चालू राहते. ‘वेव्ह’ म्हणजे माफ करणं, आपला हक्क सोडून देणं. २०१९ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्या दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जांसाठीची, ही ‘वेव्हर’. गोंधळाला आपल्याकडची इंग्रजीही हातभार लावते, कारण इथं सर्रास ‘वेव्ह ऑफ’ म्हणतात. ते ऐकून ‘राईट ऑफ’ही त्याचाच भाऊ वाटतो. ‘वेव्ह’ला शेपूट नसतं. पत्रात ‘ऑफ’ दिसलं की त्याच दिवशी शाखेत जाऊन ‘माफ की निर्लेखित?’ असं मराठीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

उरलेले, थोडक्यात

‘गेट रिड ऑफ’ म्हणजे पिच्छा सोडवणं. ‘रिड’ आला जुन्या नॉर्स भाषेतून, तिथं त्याचा अर्थ रान साफ करणं असा होता. बोलताना उत्तम, पत्रात जरा वैतागलेला वाटतो. माणसाबद्दल तर लिहूच नका. ‘डू अवे विथ’ प्रथा आणि नियमांसाठी. ‘फेज आऊट’ टप्प्याटप्प्यानं बंद करण्यासाठी, एका झटक्यात झालेल्या बंदीला नव्हे. ‘लीव्ह आऊट’ म्हणजे वगळणं, मग ते मुद्दाम असो की विसरून. मुद्दामच असेल तर ‘एक्स्क्लूड’ लिहा. ‘रूल आऊट’ शक्यतेसाठी: डॉक्टर डेंग्यू ‘रूल आऊट’ करतात तेव्हा बरा करत नाहीत, तो नाही एवढं सांगतात. पटावरून नाव कमी करायला ‘स्ट्राइक ऑफ’.

एक व्याकरणाची गोष्ट राहिली. ‘इट’, ‘देम’ असं सर्वनाम आलं की ते मधे बसतं: ‘थ्रो इट आऊट’, ‘वीड देम आऊट’, ‘कीप इट आऊट’. ‘गेट रिड ऑफ’ आणि ‘डू अवे विथ’ यांना मात्र मधे कुणी चालत नाही. तिथं ‘इट’ शेवटी.