शातो लॉरिए, ओटावा : कार्श यांच्या छायाचित्रांसमोर एक तास

ओटावाला पाहुणे आले की संसद भवन दाखवून झाल्यावर मी त्यांना शेजारच्या शातो लॉरिए या हॉटेलात घेऊन जातो. मुक्कामासाठी नव्हे, तर तिथल्या वाचनकक्षात छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी काढलेली छायाचित्रे लावलेली आहेत, ती पाहण्यासाठी. तिकीट नाही, रांग नाही, आणि राइडो स्थानकावर उतरले तर चालावेही फारसे लागत नाही. हे परीक्षण त्या एका खोलीपुरतेच आहे. हॉटेलातील खाटा आणि न्याहारी यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

या छायाचित्रांना ही जागा शोभते, कारण ती एका अर्थाने छायाचित्रकाराच्या घरातच टांगलेली आहेत. 1973 ते 1992 या काळात कार्श यांचा स्टुडिओ याच हॉटेलात होता आणि जवळपास 18 वर्षे त्यांचे बिऱ्हाडही इथेच होते. त्यांचा जन्म मात्र 1908 साली ऑटोमन साम्राज्यातील मार्दिन येथे, एका आर्मेनियन कुटुंबात झाला. आर्मेनियनांची कत्तल त्यांनी लहानपणी पाहिली, 1922 मध्ये कुटुंबाबरोबर सीरिया गाठला आणि पुढे कोवळ्या वयात एकटेच कॅनडात, छायाचित्रकार असलेल्या मामांकडे आले. व्हायचे होते डॉक्टर. मामांनी बॉस्टनच्या जॉन गारो यांच्याकडे उमेदवारीला धाडले. 1932 मध्ये ओटावात स्वतःचा स्टुडिओ थाटल्यावर इथल्या हौशी नाट्यमंडळींमध्ये त्यांनी रंगमंचावरचे दिवे पाहिले, आणि कृत्रिम प्रकाश हवा तिथे, हवा तेवढाच पाडता येतो ही गोष्ट त्यांच्या मनात कायमची बसली. पुढे ते आपल्या कामावर ‘ओटावाचा कार्श’ अशी मोहोर उमटवू लागले. ज्याचे गाव सुटले त्याने नव्या गावाला आपल्या नावात जागा द्यावी, हे मला त्यांच्या कोणत्याही छायाचित्राइतकेच बोलके वाटते.

वाचनकक्षात नजर प्रथम जाते ती चर्चिल यांच्याकडे. 30 डिसेंबर 1941 रोजी कॅनडाच्या संसदेत भाषण करून ते बाहेर आले, तेव्हा छायाचित्र काढायचे आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी नवा सिगार पेटवला. कार्श यांनी रक्षापात्र पुढे केले, सिगार काही सुटेना. तेव्हा ‘क्षमा असावी’ असे म्हणून त्यांनी तो सरळ चर्चिल यांच्या तोंडातून काढून घेतला आणि कॅमेऱ्याची कळ दाबली. प्रिंटजवळ उभे राहिले की एक हात कमरेवर, पोटावरची घड्याळाची साखळी आणि खाली ओढलेले ओठ दिसतात. त्या हातांवर चेहऱ्याइतकीच मेहनत घेतलेली आहे, कारण हातांना वेगळा प्रकाश देणे हा कार्श यांचा शिरस्ताच होता.

प्रत्येक माणसात एक गुपित दडलेले असते आणि ते उघड करणे हे छायाचित्रकाराचे काम आहे, अशी कार्श यांची श्रद्धा होती. या छायाचित्रापुरता मला तिच्याविषयी संशय आहे. जगाने ज्यात हिटलरविरुद्धचा निर्धार वाचला, तो सिगार हिरावलेल्या माणसाचा संताप होता. त्याच बैठकीत हसरे चर्चिलही टिपले गेले, पण ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर छापला गेला तो हा रागीट फोटो, हसरा नव्हे. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओत ‘मान जरा डावीकडे, हनुवटी वर’ म्हणणारे काका आणि कार्श यांच्यात तेवढ्यापुरता फरक नसावा. दोघांनाही माणूस आहे त्याहून रुबाबदार हवा असतो.

त्यांचे मला सर्वांत आवडणारे काम चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचे आहे. 1954 साली दक्षिण फ्रान्समधील प्राद येथील मठात कार्श यांनी त्यांना चक्क पाठमोरे टिपले: उघडी दगडी भिंत, खूप उंचावर एक लहानशी खिडकी आणि खाली वाद्यावर झुकलेली पाठ. बॉस्टनच्या संग्रहालयात एक वृद्ध गृहस्थ रोज या छायाचित्रासमोर येऊन उभे राहत आणि कोणी कारण विचारले तर ‘गप्प, मी संगीत ऐकतो आहे’ असे म्हणत, ही आठवण कार्श स्वतः सांगत. इथे कोणाच्या तोंडचे काही काढून घ्यावे लागले नाही.

चर्चिल यांची ही प्रिंट 2021 च्या अखेरीस किंवा 2022 च्या आरंभी भिंतीवरून चोरीला गेली होती आणि तिच्या जागी नक्कल टांगलेली होती. कित्येक महिने कोणाच्याच लक्षात आले नाही. ऑगस्ट 2022 मध्ये चौकट इतर चौकटींशी जुळत नाही हे एका कर्मचाऱ्याने हेरले. मूळ प्रिंट इटलीत सापडून 2024 मध्ये परत आली.

त्या काळात नक्कल पाहून भारावलेल्यांत मीही असेन, ही शक्यता मला अजून टोचते. म्हणूनच गेल्या वर्षी एका दुकानातून (नाव घेत नाही) याच छायाचित्राचे पोस्टर आणले, तेव्हा ते बारकाईने पाहिले. त्यातला काळा रंग ओल्या राखेसारखा उतरला आहे, कोट आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळून गेली आहेत, आणि कमरेवरचा तो हात तर पीठ लागल्यासारखा दिसतो. पोस्टरचे पैसे वाया गेले. वाचनकक्षात जायचे असेल तर सकाळी जावे. दुपारी चहाची वर्दळ वाढते आणि चर्चिल यांच्या अगदी समोरची खुर्ची मिळत नाही.