प्रभातचा ‘संत तुकाराम’ : जिजाईसाठी पाहा

संतपटांबद्दल माझी जुनी तक्रार आहे. त्यातला संत पहिल्या दृश्यापासून संतच असतो. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर अभंग, आणि घरात पीठ-मीठ आहे का याची कुणालाच फिकीर नाही. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये ही फिकीर करणारी बाई आहे, तुकोबांची बायको जिजाई. तिच्यामुळेच यातले तुकोबा मला घरातले, हाडामांसाचे वाटतात.

जिजाईचं काम केलंय गौरी यांनी. त्या नावाजलेल्या नटी नव्हत्या, प्रभात फिल्म कंपनीत किरकोळ कामं करत पुढे आल्या होत्या. त्यांच्या चालण्या-बोलण्यात नाटकीपणाचा लवलेशही नाही. म्हशीवर माया करणारी, नवऱ्यावर चिडणारी आणि त्याच नवऱ्याच्या पोटाची काळजी वाहणारी ही बाई देहू परिसरात आजही कुठल्याही गोठ्यात भेटेल. पोर आजारी पडतं तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि विठोबावर वहाण उगारते. माझे सासरे माळकरी, वारीला चालत जाणारे. हे दृश्य लागलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “अगं, लेकरू तापानं फणफणलंय, ती भांडायला आणखी कुणाकडं जाईल?”

तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले. त्यांचा आवाज कुठे चढत नाही. बायको फैलावर घेते तेव्हा ते ऐकून घेतात, आणि त्या ऐकण्यात तिच्याविषयीची माया दिसते. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा जिजाई आणि मुलं हरखून जातात, तुकोबांना मात्र तो नकोसा होतो. अभंगांतून आपल्याला त्यांचं वैराग्य माहीत आहे. ते घरच्यांना केवढ्याला पडलं, हे इथे दिसतं. मी प्रत्येक वेळी जिजाईच्या बाजूने असते. वैकुंठाला चला म्हटल्यावर संसार आणि पोरं सोडून ती जात नाही, हेही मला मनापासून पटतं.

गाण्यांबद्दल एक सांगायलाच हवं. ‘आधी बीज एकले’ ही तुकोबांची रचना नाही, ती शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिली. केशवराव भोळे यांच्या चालीत ती इतकी मुरली आहे की आमच्याकडे भजनात ती तुकोबांची म्हणूनच गातात.

उणिवाही आहेत. तुकोबांवर जळणारा सालोमालो निव्वळ खलनायक राहतो. त्याच्या मत्सरामागचा माणूस शोधायला हवा होता. महाराजांना वाचवण्याचा चमत्कार लांबला आहे. शेवटचं विमान आजच्या मुलांना कापडी वाटेल, पण त्या काळच्या प्रेक्षकांना ते खरं वाटलं असणार. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला.

लांबी दोन तासांहून थोडी जास्त आहे. इंटरनेटवरच्या काही प्रतींमध्ये आवाज खरखरतो आणि जिजाईची बोली निसटते, म्हणून जरा शोधून स्वच्छ प्रत लावा आणि हेडफोन वापरा. आठ-दहा वर्षांच्या मुलांना बरोबर बसवायला हरकत नाही. घरात वारकरी असतील तर त्यांना आधी बोलवा.