गंजलेला बिडाचा रंधा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये रत्नागिरीतील जुन्या सामानाच्या एका दुकानातून मी ८०० रुपयांना स्टॅन्ली या अमेरिकी कंपनीचा पाच नंबरचा, म्हणजे मध्यम लांबीचा, बिडाचा रंधा घेतला. तो साफ करून तेव्हापासून नियमित वापरला आणि मुद्दाम पावसाळा सरल्यावर हे लिहीत आहे, कारण आपल्याकडे लोखंडी हत्याराची परीक्षा जून ते सप्टेंबर याच काळात होते. पाते बसते त्या तिरप्या ठोकळ्यामागे १९०२ च्या दोन आणि १९१० ची एक अशा पेटंटांच्या तारखा ओतलेल्या आहेत. म्हणजे रंधा १९१० नंतरचा.

गंज काढणे सोपे होते. लाकडी मुठी व पितळी चाक वेगळे करून बाकीचे भाग लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व या प्रमाणात रात्रभर बुडवले. शेजाऱ्यांनी कोकमाचे आगळ सुचवले होते, पण त्यात आंबटपणाबरोबर मीठही असते आणि बिडाच्या बारीक छिद्रांत मीठ राहिले की गंज पुन्हा डोके काढतो. सकाळी भाग सोड्याच्या पाण्याने धुतले आणि मी चहाला गेलो. तेवढ्यात तळावर नारिंगी छटा आली होती. धुतल्याबरोबर कोरडे करून तेल लावणे एवढे निकडीचे असते.

तळ सपाट करण्यात मी नको तितका वेळ घालवला. जाड काचेवर घासपेपर चिकटवून, पाते आत ओढून पण जागेवर कसलेले ठेवून घासावे, म्हणजे बिडावरचा ताण कामातल्यासारखाच राहतो. पुढचे टोक, पात्याच्या तोंडापुढची कड आणि मागचे टोक काचेला टेकले की पुरे; मधला किंचित खोलगटपणा माझ्या कामात कधी आड आला नाही. खरी अडचण पात्याची होती. त्याच्या सपाट बाजूला धारेलगत गंजाचे खड्डे होते आणि तेथे धार टिकेना. सुमारे तीन मिलिमीटर पाते घासून टाकले, २५ अंशांचा उतार नव्याने दिला, तेव्हा ते ताळ्यावर आले. हरवलेल्या स्क्रूचे आटेही आजच्या मेट्रिक मापाचे नसल्याने तो लेथवर करून घ्यावा लागला.

फणसाच्या लाकडाच्या रेषा उलटसुलट असल्याने सुरुवातीला पृष्ठभाग उखडत असे. पात्यावरची वाकडी पट्टी धारेपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर आणून त्यांच्यामधली फट पूर्ण बुजवल्यावर तो त्रास बराच कमी झाला. सागावर मात्र पहिल्यापासूनच अखंड, पातळ साली निघतात. दोन किलोंच्या या वजनाने तासाभरात मनगट दुखते. त्या बाबतीत आपला लाकडी रंधा सुखाचा.

पावसाळ्यात घामट बोटांचे ठसेसुद्धा सकाळपर्यंत गंजून उठत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवण्याची चूक मी जुलैत केली आणि आत कोंडलेल्या दमटपणाने बाजूवर डाग पाडले. खोबरेल तेल घरचे, म्हणून आधी तेच लावले. पण थंडीच्या पहाटे ते थिजते हे माहीत असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. आता काम संपताच कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनचे तेल लावतो, तळावर मेण घासतो आणि रंधा उघड्या फळीवर ठेवतो. सप्टेंबरअखेर नवा डाग एकच आढळला, तोही मुठीखाली, जेथे माझे फडके पोहोचत नव्हते.