उबदार पाण्यातील कामासाठी ३ मिलिमीटरचा वेटसूट: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

पाणी २९ अंश सेल्सिअस असताना वेटसूट (पाणबुड्यांचा अंगाला घट्ट बसणारा, निओप्रीन या फुगीर रबराचा पोशाख) कशाला, असे नवे डायव्हर विचारतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते, त्यामुळे जहाजाचा तळ खरवडण्यात दोन-अडीच तास गेले की एवढ्या कोमट पाण्यातही हुडहुडी भरते. तरीही माझ्या मते थंडी हे दुय्यम कारण आहे; उबदार पाण्यात सूट लागतो तो बार्नेकलच्या (जहाजाच्या तळाला चिकटणाऱ्या कवचधारी जीवांच्या) धारदार कडा, गंजलेले पत्रे आणि जेलीफिश यांच्यापासून कातडी वाचवण्यासाठी.

मी घेतलेला सूट एकसंध, पाठीवर चेन असलेला आणि गुडघ्यांवर रबरी थर दिलेला आहे. गुडघ्यांचे काम त्याने चोख केले. खांद्यांचे मात्र तसे नाही: हार्नेसचे पट्टे आणि बेलआउट सिलिंडरचे (आणीबाणीसाठी पाठीवर बाळगलेल्या राखीव हवेच्या टाकीचे) वजन जिथे घासते तिथेच उत्पादकाने काही जादा थर दिलेला नाही, आणि चौथ्या महिन्यात तिथली शिवण उसवली. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होऊन निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे आक्रसतात, म्हणजे लेबलवरचे ३ मिलिमीटर तळाशी हाती लागत नाहीत, हेही खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

खांद्यांच्या या झिजेवर उपाय म्हणून मी वरून सुती बॉयलर सूट (कामगारांचा सैल, एकसंध पोशाख) चढवतो. निओप्रीन फाटण्याऐवजी स्वस्त कापड फाटते, एवढाच हिशेब. बाह्या मनगटाशी चिकटपट्टीने आवळाव्या लागतात, कारण सैल कापड कुठेही अडकते आणि प्रवाहात ओढही वाढवते. खरा त्रास पाण्याबाहेर होतो. उन्हात पूर्ण पोशाखात ताटकळत उभे राहिल्यास अंग तापते, म्हणून पाण्यात उतरायची वेळ येईपर्यंत सूट कमरेपर्यंतच चढवलेला बरा, आणि पाणी पीत राहावे.

तळव्यावर नायट्रिलचा (एका कृत्रिम रबराचा) थर असलेले विणीव हातमोजे खरवडण्यासाठी उत्तम आहेत, पण पाण्याखालच्या वेल्डिंगला किंवा कटिंगला ते चालत नाहीत. तिथे विजेपासून बचाव करणारे रबरी मोजेच लागतात.

सांडपाणी किंवा तेल मिसळलेल्या पाण्यात हा सूट मुळीच वापरू नये, कारण वेटसूटची रचनाच पाणी आत घेणारी असते. तिथे हेल्मेटला जोडता येणारा व्हल्कनाइज्ड (प्रक्रिया करून टणक केलेल्या) रबराचा ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, हवा, आणि त्यात उकाडा असह्य होतो म्हणून कामाच्या पाळ्या आखूड ठेवाव्या लागतात.